सायकलीला बसायला गाडी

पिकअप घ्यायचा असं मी ठरवलं, तेव्हा मी दाढी करत होतो. (मोठे निर्णय मी नेहमी गालाला साबण असतानाच घेतो. त्या वेळी तोंड उघडता येत नाही, त्यामुळे निर्णय थोडा वेळ तरी शाबूत राहतो.) हिवाळ्याची सकाळ होती. आरशात माझा निम्मा पांढरा चेहरा दिसत होता आणि माझ्या खांद्यामागे, अंगणात उभी असलेली बायकोची हिरवी लेडीज सायकल. रात्रभर दव पडून तिच्या चाकांच्या तारा भिजल्या होत्या. ऊन आलं तशा त्या हळूहळू चमकायला लागल्या. माझा वस्तरा थांबला. मला त्या सायकलीखाली एक गाडी दिसायला लागली. निळी, मागून उघडी, झोपेत चालल्यासारखी चालणारी. तिच्या हौद्यात दोन सायकली शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक हिची आणि एक माझी, आणि दोन्ही बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, मागे मागे जात होत्या.

"कानाजवळ साबण वाळून राहिला," चंद्रकला म्हणाली.

मी साबण पुसला. निर्णय तेवढा राहिला.

मी ताराचंद, मोहाडीच्या तहसील कचेरीत बाबू. चंद्रकला माझी बायको, जवळच्या खेड्यातल्या शाळेत मास्तरीण. ती रोज सायकलनं शाळेत जाते. एशियाडच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट, तेव्हा आमच्याकडे सायकलवर बाई दिसली की लोक धान निंदायचं थांबवून बघत. चंद्रकला त्यांच्याकडे बघत नसे. ती सरळ रस्त्याकडे बघे, आणि म्हणून आजवर ती कधी पडली नाही. (मी लोकांकडे बघतो.)

तर पिकअपची गरज कुठून आली, ते सांगतो. तिचं माहेर लाखांदुराच्या थोडं अलीकडे. आदल्या दिवशी तिकडून आलेल्या एका माणसाबरोबर तिच्या आईनं, आनंदाबाईंनी, निरोप धाडला होता. सासऱ्यांच्या, पुंडलिकरावांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. लाखांदूरला डोळ्यांचं शिबिर लागणार होतं, पण ते जायला तयार नव्हते. कारण विचारलं तर म्हणत, "कोणाचा हात धरून मी रस्त्यानं चालणार नाही."

निरोप ऐकून चंद्रकलेनं सूप पुढे ओढलं. तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "बाबाले थोडंबहुत दिसते तोवर मले त्याहिच्या अंगणात सायकलनं जायचं हाये."

मी का ते विचारलं नाही. मला ठाऊक होतं. लग्नाआधी, शाळेत असताना, एका दुपारी ती वडिलांची सायकल घेऊन तलावाच्या पाळीपर्यंत जाऊन आली होती. पुंडलिकराव तिला रागावले नाहीत. त्यांनी सायकल उचलून घरात नेली आणि आढ्याला इतकी उंच टांगली की शिडीशिवाय हात पुरू नये. त्या दिवसापासून ते स्वतःही पायी फिरायला लागले. आता नीट दिसत नव्हतं तरी पायीच फिरत, आणि कुणाचा हात धरत नसत.

मोहाडीपासून लाखांदूर म्हणजे भंडारा, मग वैनगंगेचा पूल, लाखनी, साकोली आणि तिथून खाली. एवढं अंतर सायकलनं जाणं शक्य नव्हतं. एसटीच्या टपावर सायकल टाकता आली असती, पण एकदा माझी सायकल तशी मी स्वतः टपावर चढवून बांधली होती. गाठ माझी होती. वाटेत ती सुटत सुटत अशी काही सुटली की सायकलचं पुढचं चाक एका म्हातारीच्या खिडकीसमोर येऊन लटकलं आणि गावापर्यंत फिरत राहिलं. म्हातारीनं कंडक्टरला विचारलं होतं, आपल्या गाडीले हे पाचवं चाक कायले लावलं म्हणून.

"मी खाली अन् माही सायकल वरती, तुमच्या गाठीच्या भरोशावर, असं नाही चालायचं," चंद्रकला म्हणाली. "मी असन तिथंच ती असन."

म्हणून पिकअप.

कचेरीत माझ्या शेजारच्या टेबलावर भोजराज बसायचा. त्याला मी दुपारच्या चहाच्या वेळी सांगितलं.

"सायकली न्यायले गाडी घेऊन राहिले तुमी?"

"हो."

"सायकली बिघडल्या का?"

"नाही. चांगल्या चालतात."

भोजराजनं बशीतला चहा संपवला. "मंग त्याहिले बसवून कायले नेता जी? सायकल माणसाले नेते ना?"

"तिलाही कधी वाटत असेल, की बसून जावं," मी म्हणालो. खरंच मला तसं वाटत होतं. बाहेर कचेरीच्या आवारात उन्हात पक्षकार पांघरुणं घेऊन झोपले होते आणि त्यांच्या सायकली भिंतीला टेकून उभ्या होत्या, खूप चालून दमल्यासारख्या. भोजराज माझ्याकडे जरा बघत राहिला. संध्याकाळपर्यंत सगळ्या मोहाडीत झालं, की ताराचंदबाबू नोकरी सोडून सायकल भाड्यानं देण्याचं दुकान काढत आहेत.

पिकअप निवडणं सोपं नसतं, विशेषतः ज्याला गाडी चालवता येत नाही त्याला. रविवारी आम्ही दोघं भंडाऱ्याला खुशालच्या गॅरेजमध्ये गेलो. खुशाल जुन्या गाड्या दुरुस्त करून विकायचा. त्याच्या अंगाला ग्रीसचा आणि बोलण्याला फार मोठ्या विश्वासाचा वास यायचा. त्यानं आधी तीन चाकांचा टेंपो दाखवला.

"तीनच चाकं?" चंद्रकला म्हणाली. "सायकलीहून एकच जास्त हाये. त्यापेक्षा सायकलीलेच दोरी बांधून ओढत नेऊ."

मग लिलावात घेतलेला एक लष्करी ट्रक दाखवला. त्यात चढायला शिडी लागत होती. मी वर चढून उभा राहिलो तर भंडाऱ्याच्या कौलांवरून मला दूरची झाडं दिसली, आणि मी तिथेच थोडा वेळ रमलो. खालून चंद्रकलेनं विचारलं की हा आपल्या गल्लीत शिरेल का. मी विचार केला. शिरला असता, पण मग गल्ली उरली नसती.

आणि मग कोपऱ्यात तो दिसला. कुणीतरी जीपचा मागचा भाग कापून तिथे लोखंडी हौदा बसवला होता, मागे उघडणारा फाळका होता, आणि सगळ्याला निळा रंग दिला होता. माझ्या दाढीतल्या निळ्याशी तो अगदी जुळत होता. रंग उडालेल्या जागी आतला जुना पांढरा दिसत होता, त्यामुळे ढग असल्यासारखं वाटत होतं.

"हाच," मी म्हणालो.

"इंजिन तर पाहा," चंद्रकला म्हणाली.

खुशालनं इंजिन चालू केलं. ते चालू झालं. बंद केल्यावर ते थोडा वेळ आणखी चाललं.

"ब्रेक?" चंद्रकलेनं विचारलं.

"लागते ना, बाई. जरा विचार करून लागते, पण लागते." खुशाल माझ्याकडे वळला. "बाबूजी, घाई नाही. लाखांदुरापर्यंत हिची ट्रायल घ्या. मी स्वतः चालवतो. पसंत पडली तर बोलू."

ट्रायल हा शब्द मला फार आवडला. घरी येईपर्यंत मी तो मनात घोळवत राहिलो.

आता प्रश्न राहिला सायकली ठेवायच्या कशा. अंगणात बाज होती. ती मी पिकअपच्या हौद्याएवढी समजलो आणि सराव सुरू केला. पहिल्यांदा दोन्ही सायकली आडव्या, एकीवर एक ठेवल्या. ठेवल्या, पण निघेनात. माझ्या सायकलचं हँडल तिच्या चाकात गेलं होतं, तिचं पायडल माझ्या साखळीत, आणि सोडवायला गेलं की लग्नात रडणाऱ्या दोन बहिणींसारख्या आणखीच मिठी मारत. मग उलट्या, सीट आणि हँडल खाली, चाकं वर, अशा ठेवल्या. ही पद्धत पक्की होती. मी बाज हलवली, सायकली हलल्या नाहीत.

चंद्रकला दारात उभी राहून पाहत होती. "माह्या सायकलीले असं उताणं घालून माहेरी नेऊ का मी? माय पाहीन तर पहिले रडायले बसंन."

मग मी सायकली फाळक्याबाहेर आकड्यांना टांगून नेण्याचा विचार मांडला. त्यासाठी बाज उभी करून आकडे लावले, आणि बाज आडवी झाली. शेवटी शेजारच्या परसराममामांनी कुंपणावरून सुचवलं, की मडकी कशी नेतात तशा न्या, तणसात. धान झोडल्यावर उरतं ते कोरडं तणस. हौद्यात भरपूर तणस भरायचं, मध्ये सायकली उभ्या रोवायच्या, आणि सगळ्या फटी तणसानं बुजवायच्या. मला हे इतकं पटलं की त्या रात्री माझ्या स्वप्नात मीच तणसात उभा होतो आणि मला फार ऊब वाटत होती.

पहाटेच्या धुक्यात आम्ही निघालो. हौद्यात पिवळं तणस काठोकाठ, त्यातून दोन हँडलं आणि दोन सीटं तेवढी वर. चंद्रकला मागे, तिच्या सायकलीशेजारी, तणसावरच बसली. "मी असन तिथंच ती असन," एवढंच म्हणाली. मी खुशालशेजारी. मागचं बोलणं पुढे ऐकू येणार नव्हतं, म्हणून मी एक व्यवस्था ठरवून दिली. तिनं सायकलची घंटी वाजवायची. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. एसटीत चालतं तसंच. गावाच्या अलीकडे तलाव लागतो, तिथे ती एक घंटी देणार, आम्ही थांबणार, सायकली उतरवणार, आणि ती पाळीवरून सायकल चालवत वडिलांच्या अंगणात जाणार. मी मागून. खुशाल सगळ्यांत मागून, जणू त्याचा आमचा काही संबंध नाही. फार सुंदर व्यवस्था होती. (माझ्या सगळ्याच व्यवस्था सुंदर असतात. घडायला लागल्या की बिघडतात.)

वैनगंगेच्या पुलावर धुकं इतकं होतं की नदी दिसतच नव्हती. खाली नुसतं पांढरं होतं, आणि त्यातून कुठेतरी एका डोंग्याचा नावाडी कुणालातरी हाक मारत होता. खुशालनं गाडी हळू केली. मला वाटलं आपण रस्त्यावर नाहीच. मागे वळून पाहिलं, तर काचेतून चंद्रकला दिसली. डोक्यावर पदर, पदरावर दव, आणि एक हात सायकलच्या सीटवर, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मी तिला नमस्कार केला. का केला ते सांगता येत नाही. तिनं पाहिलं नाही.

लाखनीला चहासाठी थांबलो. तिथे बाजार होता. चंद्रकला खाली उतरून तोंड धुवायला गेली, खुशाल आणि मी बाकड्यावर बसलो. कपातून वाफ येत होती आणि तिच्यातून मला गाडीचा निळा रंग आणखी निळा दिसत होता. मी खुशालला म्हणालो, "गाडीच्या मागे किती शांत वाटतं नाही?"

"लईच शांत वाटते," खुशाल म्हणाला आणि उठला.

पिकअपच्या मागे बाजारातली चार-पाच गुरं उभी होती. त्यांची तोंडं हौद्यात होती आणि माना एका लयीत हलत होत्या. आम्ही हाकललं तेव्हा त्यांनी नाइलाजानं माना बाहेर काढल्या. हौद्यात तणसाचा थोडा भुसा, आणि त्यावर आडव्या पडलेल्या दोन सायकली. एका गायीनं जाता जाता माझ्या सायकलच्या सीटचं कापडही चाटून पाहिलं होतं.

चंद्रकला परत आली. तिनं हौद्यात पाहिलं, गुरांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. शेवटचं पाहणं जरा जास्त वेळ चाललं.

"आता कसं करायचं जी?" खुशालनं विचारलं.

"दोरी," मी म्हणालो.

"गाठ खुशालभाऊ मारतील," चंद्रकला म्हणाली.

खुशालनं माझी सायकल एका कडेला आडवी बांधली. हिची सायकल त्यानं हौद्याच्या मध्यभागी स्टँडवर उभी केली आणि दोन्ही बाजूंनी दोरीनं ताणून बांधली. तरी गाडी हलली की ती डोलायची. वजन पाहिजे होतं. चंद्रकलेनं पदर खोचला, हौद्यात चढली आणि सायकलच्या सीटवर बसली. पाय पायडलवर, हात हँडलवर. सायकल डोलायची थांबली.

"चला," ती म्हणाली, आणि घंटी दोनदा वाजवली.

साकोलीपर्यंतच्या प्रवासाचं मी वर्णन करू शकत नाही. मी सारखा मागे वळून पाहत होतो. धुकं उठलं होतं. कापलेल्या बांध्यांमध्ये पाणी आटून आरशाचे तुकडे पडल्यासारखे दिसत होते, आणि त्या सगळ्याच्या वरून माझी बायको सायकलवर बसून उलट्या दिशेनं जाणाऱ्या झाडांमधून चालली होती. मागचं चाक स्टँडवर असल्यामुळे जमिनीला टेकत नव्हतं. ती अधूनमधून पायडल मारत असे. का, असं मी तिला पुढे विचारलं तर म्हणाली, "सवय."

साकोलीहून खाली वळलो आणि रस्ता खराब झाला. इथे मला माझ्या व्यवस्थेतली एक लहानशी चूक कळायला हवी होती. खड्डा आला की सायकलची घंटी आपोआप वाजत होती. टिंगटिंग. पुढचा खड्डा, टिंगटिंग.

"बाई खुशीत हायेत," खुशाल म्हणाला. "चलाच म्हणून राहिल्या."

"माहेर आलं ना," मी म्हणालो. मला खूप बरं वाटत होतं. ऊन मांडीवर आलं होतं. आपण ही गाडी घेऊ, मी मनात म्हणत होतो, दर रविवारी कुठेतरी जाऊ, रस्ता संपेपर्यंत हिनं न्यावं आणि पुढे सायकलनं. माझे डोळे मिटत होते. मिटलेल्या डोळ्यांतही घंटी वाजत होती, आता फारच भराभर, कुठल्यातरी मंदिरात आरती चालू असल्यासारखी.

"बाबूजी," खुशाल म्हणाला, "तलाव गेला."

मी डोळे उघडले. खिडकीबाहेर तलावाची पाळ आणि तिच्यावर बसलेले पांढरे बगळे मागे चालले होते. "घंटी काय म्हणते?"

"चलाच म्हणते."

"मग चला," मी म्हणालो. तिनं बेत बदलला असेल, असं वाटलं. (चंद्रकला पुढे म्हणाली, की तिनं इतकी घंटी उभ्या आयुष्यात वाजवली नव्हती, हात दुखायला लागला तेव्हा हाकाही मारल्या.)

गावात शिरणारी वाट अरुंद, आणि दोन्ही बाजूंना खळी. बऱ्याच जणांची मळणी व्हायची होती, त्यामुळे धानाच्या भाऱ्यांचे रचलेले मोठे पुंजणे वाटेच्या कडेला ओळीनं उभे होते, आमच्या टपाहून उंच. त्यांच्यामधून गाडी जात होती आणि मला दोन्हीकडे नुसतं सोनेरी दिसत होतं. शेवटच्या पुंजण्यापलीकडे, घराला लागूनच, सासऱ्यांचं खळं होतं. तिथे बाजेवर ते उन्हात बसले होते, हे मला उशिरा दिसलं. मी म्हणालो, "थांबवा."

खुशालनं ब्रेक दाबला. ब्रेकनं विचार केला. आम्ही सासऱ्यांच्या बाजेला वळसा घालून समोरच्या तणसाच्या ढिगात शिरलो, अलगद, उशीत डोकं शिरावं तसे. वरचं तणस घसरून टपावर, काचेवर आणि दोन्ही दारांवर आलं. इंजिन आणखी थोडं चाललं आणि बंद पडलं. आत पिवळा अंधार झाला. कोरड्या तणसाचा गोड वास येत होता. दार उघडेना.

"बाबूजी, लागलं का?" खुशालनं हळूच विचारलं.

"नाही. छान आहे," मी म्हणालो.

गाडीचा मागचा भाग तेवढा बाहेर होता. तिथलं बोलणं आम्हाला स्पष्ट ऐकू येत होतं.

"कोण व?" पुंडलिकरावांचा आवाज.

"मी, बाबा. चंद्रकला."

"वरतून कोण गेलं आता?"

"मीच."

"सायकलवर?"

चंद्रकला मास्तरीण आहे, खोटं बोलत नाही. थोडं थांबून म्हणाली, "सायकलवरच बसली होती. पण खाली गाडी होती, बाबा. पिकअप."

"गाडी मले नाही दिसली," पुंडलिकराव म्हणाले. "मले पुंजणे दिसले, धुरकट. अन् त्याहिच्या वरतून तू चालली होती. पायडल मारून राहिली होती." आत खुशालनं श्वास रोखला होता, म्हणून मीही रोखला. "मी उंच टांगली, म्हून तू उंचच शिकली का व?"

चंद्रकला काय म्हणाली ते ऐकू आलं नाही.

"खाली बी चालवता येते?"

"येते, बाबा."

"चालव मंग."

दोरी सोडल्याचा आवाज आला. (गाठ खुशालची होती, त्यामुळे वेळ लागला.) सायकल उतरवायला तिला कुणाचीतरी मदत हवी होती. मी दाराला खांदा लावला, तणस हललं नाही. मग पुंडलिकराव म्हणाले, "चाक कुठी हाये? माह्या हातात दे." आणि दोघांनी मिळून ती खाली घेतली.

मी खिडकीची काच थोडी खाली करून तणसात बोटानं एक लहानसं भोक पाडलं. त्यातून मला अर्धं खळं दिसत होतं. चंद्रकला सायकलवर बसून खळ्याभोवती फिरत होती, सरळ समोर बघत, आणि मध्ये तिचे वडील उभे होते. त्यांना ती दिसत होती की नव्हती कोण जाणे, पण ती जिथे जाई तिकडे त्यांचा चेहरा वळत होता. ती माझ्या भोकातून निघून जाई आणि पुन्हा येई. आनंदाबाई घरातून बाहेर येऊन पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. गावातली माणसं जमायला लागली होती. पुंजण्यावर चिमण्या होत्या, त्यांचाच काय तो आवाज.

ती थांबली तेव्हा पुंडलिकरावांनी हातानं चाचपत मागचं कॅरिअर शोधलं. त्यावर एकदा थाप मारली.

"हिच्यावर माणूस बसते का?"

"बसते. कोणाले न्यायचं हाये?"

"लाखांदूरले शिबिर हाये म्हणते तुही माय."

मग बायकांचा एकदम बोलण्याचा गलका झाला, आणि त्यात आनंदाबाईंचा आवाज ऐकू आला, "अव बाई, अन् जवाईबुवा नाही आले का?"

"आले ना," चंद्रकला म्हणाली. "तणसात हायेत."

आम्हाला काढायला सगळं गाव लागलं. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या केसांत, कानांत आणि शर्टाच्या खिशात तणस होतं. मी सासऱ्यांच्या पाया पडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हात जरा फिरवून पाहिला आणि आनंदाबाईंना म्हणाले, "हे कोणाचं वासरू सुटलं?"

दुसऱ्या सकाळी आम्ही लाखांदूरला निघालो, ते असे. पुढे चंद्रकलेची सायकल. कॅरिअरवर पुंडलिकराव, स्वच्छ धोतर, नवा टॉवेल. त्यांनी कुणाचा हात धरला नव्हता. सीटच्या मागचा दांडा धरला होता. त्यांच्यामागे माझी सायकल, तिला भाकरीचा डबा आणि पाण्याचा तांब्या. आणि सगळ्यांत मागे निळा पिकअप. इंजिनात तणस गेल्यामुळे तो चालू होत नव्हता, म्हणून त्याला बैलजोडी जुंपली होती. खुशाल आत स्टिअरिंग धरून बसला होता. हौदा पूर्ण रिकामा होता. वाटेत जे कुणी भेटे ते आधी चंद्रकलेला पाहून थांबे आणि मग पिकअपला पाहून तिथेच बसे. एकानं खुशालला विचारलं, ही गाडी कायले वापरता जी? खुशाल म्हणाला, "सायकली न्यायले." आणि काच वर केली.

धुकं होतं. रस्ता पुढे पांढऱ्यात विरघळत होता. सासरे चंद्रकलेला मागून सांगत होते, डावीकडे खड्डा असेल, इथे नेहमी असायचा. तिला तो दिसत होता, तरी ती "हो बाबा" म्हणून वळवून घेत होती. मला वाटलं हा रस्ता लाखांदूरला पोचूच नये. (माझी साखळी दोनदा पडली, त्यामुळे माझ्यापुरता तो फार उशिरा पोचला.)

खुशालनं लाखांदूरला पिकअप दुरुस्त करून घेतला आणि निघताना मला विचारलं, "मंग बाबूजी, पसंत हाये का?" मी चंद्रकलेकडे पाहिलं. ती सायकलच्या मडगार्डवरचा चिखल पुसत होती. मी म्हणालो, पुन्हा सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. काही दिवसांनी पट्टी सुटली आणि जाड भिंगांचा चष्मा आला, तेव्हा आम्ही पुन्हा गेलो, या वेळी एसटीनं. पुंडलिकराव अंगणात बाजेवर बसले होते. त्यांनी चष्मा लावून आधी चंद्रकलेला पाहिलं, खूप वेळ. तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. म्हणाले, "बारीक झाली व तू." मग अंगण पाहिलं, पिंपळ पाहिला, आनंदाबाईंना पाहून हसले, आणि त्या लाजल्या.

मग त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. मी सरळ उभा राहिलो. खरं म्हणजे थोडं पोटही आत घेतलं. त्यांनी मला डोक्यापासून चपलांपर्यंत सावकाश पाहिलं आणि लेकीकडे वळले.

"चंद्रा, तुह्या लग्नाच्या वेळेस मले दिसत होतं का व?"

"दिसत होतं, बाबा."

"चांगलं दिसत होतं?"

"चांगलं दिसत होतं."

"अस्सं," ते म्हणाले. चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला आणि डबीत ठेवून दिला.